एमजीबीचा रेडिएटर बदलताना पत्र्याची चौकट पण काढू का?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो, १९७२ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) आहे. रेडिएटर खालून गळतोय आणि तो ज्या चौकटीवर बसतो तिला गंज लागलाय. नुसता रेडिएटर बदलला तर चालेल का?

उत्तर: अहो, गंजक्या चौकटीवर नवा रेडिएटर कशाला बसवताय, गाडी हादरली की बोल्टच्या भोकांपाशी पत्रा फाटतो मग परत सगळं खोला. दोन्ही एकत्रच बाहेर काढा. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी-द्रव) काढायला रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, सोडा, पाच-साडेपाच लिटरपर्यंत येतं, पसरट टब ठेवा आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर सांडलेलं लगेच पुसा, ते गोड लागतं पण विषारी असतं. ऑइल कूलर (इंजिनाचं तेल थंड करणारा) असेल तर त्याचे पाइप चौकटीतूनच जातात, ते सोडवायला दोन पाने (स्पॅनर) लागतात, एकाने फिटिंग धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर पाइप पिळवटलाच म्हणून समजा. परत बसवताना चौकटीत पाइप जातात त्या भोकांतले रबर नवेच घाला (स्वस्त असतात हो!), होजही. कूलंट भरताना गाडीचा हीटर गरमवर ठेवा, हवा अडकत नाही.