मनिलाला येण्यापूर्वी आणि आल्यावर काय वाचावे: एका व्यंगचित्रप्रेमी मित्रास उत्तर

स. न. वि. वि.

मनिला महानगरातल्या मकाटीच्या कंपनीचे नेमणूकपत्र हाती आल्याचे आणि जूनमध्ये सपत्नीक मनिलाला येणार असल्याचे तुम्ही कळवलेत, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. घर कोणत्या भागात घ्यावे आणि तूरडाळ कुठे मिळते, हे इथला कोणीही मराठी माणूस तुम्हाला सांगेल. परंतु पत्राच्या शेवटी तुम्ही जरा संकोचाने विचारलेला प्रश्न, म्हणजे रोज सकाळी आधी ‘चिंटू’ आणि मग बातम्या वाचण्याची सवय असलेल्या माणसाला इथे वाचण्यासारखे काही मिळेल का आणि इथली तगालोग भाषा येत नसताना ते कळेल का, हा प्रश्न मला इथल्या बारा वर्षांत कोणी विचारला नव्हता. म्हणून त्याचेच उत्तर सविस्तर लिहितो.

मिळेल, आणि भरपूर मिळेल. भाषेचे म्हणाल, तर मनिलाच्या रस्त्यावर जे बोलले जाते ते पुस्तकी तगालोग नव्हे आणि इंग्रजीही नव्हे. एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात आणि त्या मिश्रणाला टॅगलिश म्हणतात. तगालोगच्या क्रमिक पुस्तकांत ती सापडत नाही, वर्तमानपत्रांतील चित्रमालिकांच्या फुग्यांत मात्र जशीच्या तशी सापडते. मी आलो त्या वर्षी शेजारच्या टेबलावरचा सहकारी अशीच एक मालिका वाचून एकटाच हसत असे. एकदा मी अर्थ विचारला, तेव्हा त्याने पंधरा मिनिटे खर्चून तो समजावला आणि तरीही मला हसू आले नाही, कारण सगळा विनोद एका कोटीवर उभा होता आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. इथल्या लोकांना कोट्यांचे वेड आहे. त्या बाबतीत ते आपल्याला हार जाणार नाहीत. तुम्हाला एक सवलत मात्र आहे: फुग्यांत ‘मुखा’, ‘गुरो’ आणि ‘दिवाता’ हे शब्द भेटतील, तेव्हा ते अनुक्रमे मुख, गुरू आणि देवता आहेत हे कोशात न पाहताच कळेल.

पहिल्या सहा महिन्यांसाठी मी इंग्रजीत असलेली पुस्तके सुचवीन. गेरी आलांगिलान यांचे ‘एल्मर’ सर्वांत आधी वाचा. जगातल्या कोंबड्यांना एके दिवशी अचानक माणसासारखी बुद्धी आणि वाचा येते, एवढीच त्यातली कल्पना. पण पुढे ती कथा माणसाने माणसावर केलेल्या अत्याचारांची होते, आणि वडिलांची रोजनिशी वाचणारा तो चिडका कोंबडा पानागणिक आपल्या ओळखीचा वाटू लागतो. आलांगिलान यांनी अमेरिकी कॉमिक्ससाठीही काम केले, परंतु राहिले ते लागुना प्रांतातील सान पाब्लो या आपल्या गावातच. 2019 च्या डिसेंबरात ते गेले. दुसरे पुस्तक बजेट टान आणि काजो बाल्दिसिमो यांचे ‘ट्रेसे’, म्हणजे भुताखेतांशी जोडलेल्या गुन्ह्यांच्या तपासाच्या कथा. त्याची 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका झाली, ती कदाचित तुम्ही पाहिली असेल. पण 2005 मध्ये त्याचे पहिले अंक झेरॉक्स काढून विकले गेले होते, आणि मला त्या मूळ काळ्या शाईचा अंधारच अधिक आवडतो. पहिले प्रकरण क्वेझोन सिटीतील बालेते ड्राइव्हवर घडते. पांढऱ्या कपड्यांतील बाईच्या भुतासाठी हा रस्ता पूर्वीपासून बदनाम आहे, आणि आजही टॅक्सीवाल्यांजवळ त्याचा विषय काढला की पुढचा प्रवास कंटाळवाणा होत नाही.

थोडी टॅगलिश कानावर पडू लागली की पोल मेदिना ज्युनियर यांच्या ‘पुगाद बाबॉय’कडे वळा. नावाचा अर्थ ‘डुकरांचे घरटे’ असा आहे आणि त्या वस्तीतले झाडून सगळे लठ्ठ आहेत. मेदिना मुळात वास्तुकलेचे पदवीधर. पोटापाण्यासाठी इराकमध्ये नोकरी करत असताना त्यांना ही वस्ती सुचली, आणि 1988 च्या मे महिन्यापासून ती ‘फिलिपीन डेली इन्क्वायरर’मध्ये येऊ लागली. परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाने आठवणीतून उभा केलेला हा मोहल्ला असल्याने तुम्हाआम्हाला तो विशेष जवळचा वाटावा. मांग डागुल यांच्या कुटुंबात पोल्गास नावाचा बोलका कुत्रा आहे, तो सर्वांत शहाणा. ‘मांग’ हे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावापूर्वी लावायचे आदरार्थी पद आहे, आणि ते कुणाला लावावे व कुणाला नुसते ‘कुया’ म्हणजे दादा म्हणावे, हे मी ऑफिसात नव्हे, या मालिकेत शिकलो. बायकांना ‘आते’ म्हणजे ताई. सौभाग्यवतींनाही हे आधीच सांगून ठेवा. भाजीवालीला ‘आते’ म्हटले की भाव नाही तरी चेहरा नक्की बदलतो. माझ्या मते या मालिकेची सुरुवातीची वर्षे सर्वोत्तम आहेत. पुढे लांबलचक साहसकथा वाढल्या, त्या मला तितक्या रुचल्या नाहीत.

माझे स्वतःचे दैवत मात्र लॅरी अल्काला. त्यांचे ‘स्लाइस ऑफ लाइफ’ 1980 च्या दशकात ‘वीकएंड’ या साप्ताहिकात येत असे. ही मालिका नव्हे. एकच मोठी चौकट आणि तिच्यात ठासून भरलेली माणसे, प्रत्येकाचे काही ना काही स्वतंत्र चाललेले, आणि त्या गर्दीत कुठेतरी दडवलेला खुद्द अल्कालांचा चेहरा. तो शोधणे हा घराघरातला रविवारचा उद्योग होता, असे इथले पन्नाशीचे लोक अजून सांगतात. आपल्याकडे लक्ष्मण यांचा सामान्य माणूस गर्दीच्या कडेला उभा राहून पाहत असे. अल्काला गर्दीच्या आतच बसतात. (लक्ष्मण यांना 1984 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो देणारी संस्था याच शहरातली, हे जाता जाता.) मी पहिल्यांदा जीपनीत, म्हणजे इथल्या सामायिक प्रवासी गाडीत बसलो तेव्हा शेजारच्याने ‘बायाद पो’ (हे भाडे) म्हणत माझ्या हातावर नाणी ठेवली, आणि मी ती घेऊन तसाच बसून राहिलो. भाडे असे हातोहात ड्रायव्हरपर्यंत पोहोचवायचे असते आणि सुटे पैसे त्याच वाटेने मागे येतात, हे मला समोरच्या शाळकरी मुलीने खुणेने दाखवले. ड्रायव्हरच्या डोक्यावर ‘सकाळी फक्त सुटी नाणी द्यावीत’ अशा अर्थाची पाटी होती. पुढे अल्कालांच्या चौकटी पाहताना त्या प्रवासातले सगळे चेहरे मला पुन्हा भेटले, नाण्यांकडे बघत बसलेल्या बावळटासह. फिलिपिन्स विद्यापीठात तीस वर्षे शिकवलेल्या या माणसाला ‘राष्ट्रीय कलाकार’ हा इथला कलाक्षेत्रातला सर्वोच्च मान 2018 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी मिळाला.

जुन्या इतिहासात शिरायचे तर थोडक्यात एवढे पुरे. राष्ट्रपुरुष होसे रिसाल यांनी 1885 च्या सुमारास कासव आणि माकडाची लोककथा चित्रांत काढली, तिथून लोक सुरुवात मोजतात. खरी लाट आली ती 11 जानेवारी 1929 रोजी ‘लिवायवाय’ साप्ताहिकात अवतरलेल्या केंकॉयमुळे. चोपडलेले केस, ढगळ विजार आणि मोडके इंग्रजी मिरवणारा हा छैलछबिला लेखक रोमुआल्दो रामोस आणि चित्रकार टोनी वेलास्केस यांचा. आज तगालोगमध्ये ‘केंकॉय’ म्हणजे विदूषकी माणूस, इतके ते नाव भाषेत मुरले. युद्धानंतर साप्ताहिक कॉमिक्सचे पेव फुटले. मार्स रावेलो यांची महानायिका दार्ना 1950 ची. कॉमिक्स दोरीला लटकवलेली असत आणि काही सेंतावो देऊन बाकावर बसून वाचून परत करायची, हे ऐकून मला आपल्या गल्लीतली भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये आठवली. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (थोरले) यांच्या लष्करी कायद्याच्या काळात उघड बोलणे कठीण झाले, तेव्हा नोनोय मार्सेलो यांनी उंदरांचा एक देश वसवला आणि इकाबोद नावाच्या उंदराच्या तोंडून बोलण्याची सोय केली. ‘दागा’ म्हणजे उंदीर, म्हणून देशाचे नाव दागालांदिया. त्याच परंपरेत 2021 मध्ये केव्हिन एरिक रेमुंदो यांनी वाकलेल्या मुठींच्या गर्दीत एकच ताठ उभी मूठ काढली आणि ते चित्र देशभर पसरले. ही चित्रे जरूर पाहा, परंतु निदर्शनांत मात्र सामील होऊ नका. परदेशी नागरिकांनी तसे केलेले इथल्या इमिग्रेशन खात्याला अजिबात चालत नाही.

खरेदीसाठी नॅशनल बुक स्टोअर किंवा फुली बुक्ड या दुकानांत ‘फिलिपिनियाना’ (फिलिपिन्सविषयक पुस्तके) लिहिलेले कपाट शोधा. जुनी पुस्तके बुकसेल या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नशिबाने मिळतात. जुनी साप्ताहिके विकत घेण्याचा मोह झाला तर इथली हवा ध्यानात ठेवा. मी हौसेने जमवलेला एक गठ्ठा भिंतीलगतच्या कपाटात ठेवला आणि एका पावसाळ्यात वाळवीने त्याची चाळणी केली. आता उरलेली हवाबंद डब्यात आहेत. कोमिकॉन किंवा कोमिकेट ही कॉमिक्सची प्रदर्शने भरली की मात्र सर्व कामे सोडून जा. तिथे टेबलामागे स्वतः चित्रकारच बसलेले असतात, हाताने शिवलेली छोटी पुस्तके विकतात आणि सहीसोबत एखादे चित्रही काढून देतात. मोठी नोट काढलीत तर सुट्यांसाठी चार टेबले हिंडावी लागतात, म्हणून लहान नोटा बरोबर न्या.

सामानात जागा असेल तर दोन-तीन दिवाळी अंक आणा, ज्यांत शब्दांविना हास्यचित्रे आहेत असे. मानिक्स आब्रेरा यांचे ‘12’ हे पुस्तकही असेच निःशब्द आहे, त्यामुळे हा प्रकार इथल्या तरुण चित्रकारांना चांगला परिचित आहे. गेल्या वेळी मी असा एक अंक एका टेबलावर दाखवला, तर टेबलामागच्या चित्रकार मुलाने पैसे न घेता आपले पुस्तक दिले आणि अंक ठेवून घेतला. माझ्याकडे आता एकही उरलेला नाही.