बर्फातली पहिली गाडी

रेल्वेगाडी चालवायच्या पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त लक्ष ब्रेककडे दे. धावत्या गाडीखाली उडणारा भुसभुशीत बर्फ चाक आणि त्यावर दाबला जाणारा ठोकळा, म्हणजे ब्रेक ब्लॉक, यांच्या मध्ये बसून गोठतो, आणि ऐन उतारावर पकडच येत नाही. म्हणून मधूनमधून हलका ब्रेक लावून ब्लॉक गरम ठेव. उतार लागण्याआधी तर न चुकता.

दुसरं म्हणजे ब्रेक चालवणारी दाबाची हवा. कडाक्याच्या थंडीत रबरी वॉशर ताठरतात, डब्याडब्यांमधल्या हवेच्या नळ्यांच्या (होजच्या) जोडांतून हवा गळते, शेवटच्या डब्यापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. कॅनडात पारा उणे 25 अंशांखाली गेला की मालगाड्या आखूड करतात, त्या याचसाठी. निघताना दाब भरायला वेळ लागला तर लागू दे, कुणी कितीही घाई केली तरी.

रूळही आकसून तडकतात. चाकाखाली वेगळा दणका जाणवला तर लगेच कंट्रोल रूमला कळव. शंका खोटी ठरली तरी चालेल.