सोलापूरला यायचं ठरवण्याआधी मेमध्ये येऊन राहा

‘अक्का, माझं माहेर चिपळूण, सासर सोलापूर आणि संसार पुण्यात. वाकडला दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं २७ हजार. नवऱ्याचं काम घरूनच चालतं, महिन्यातून दोनदा ऑफिसला जायचं. तो म्हणतो, सोलापुरात आपल्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, भाडं वाचेल. ऑगस्टमध्ये इथला करार संपतोय. मला २४ हजारांची अकाउंटंटची नोकरी सोडावी लागेल. आम्ही दिवाळीला आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जातो तेव्हा छान वाटतं, पण मला धास्ती आहे उन्हाची आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची. बोलले तर सासूबाई म्हणतील, आम्ही नाही राहिलो? हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, घागर उचलवत नाही. लेक सहा वर्षांची आहे. मी फार नाजूक आहे का?’
– एक सून, पुणे

नाही गं बाई. मी पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेली, लग्न होऊन सोलापुरात आले त्याला चाळीस वर्षं होतील. पहिल्या एप्रिलात दुपारी दोन वाजता गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. शेवटचा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला खडखडीत वाळला होता आणि माझे तळपाय भाजले होते. मी जिन्यात बसून रडले. नंतर सवय झाली. शरीर साधारण दोन आठवड्यांत उन्हाशी जुळवून घ्यायला लागतं. पण ४२-४३ अंशांची धास्ती वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही.

तुझ्या कोकणातला उकाडा वेगळा. तिथं घाम निथळतो, पाणी प्यायला हवं हे माणसाला कळतं. इथं घाम येतो आणि लगेच उडून जातो, कपाळ कोरडंच राहतं. म्हणून लेकीला तहान लागायची वाट बघू नकोस, दिवसभर थोडं थोडं पाजत राहा.

आता हिशेब. तुझ्या नवऱ्यानं वाचणारं भाडं धरलं, जाणारा पगार धरला नाही. २७ मधून २४ गेले, राहिले ३ हजार. सोलापूर स्वस्त आहे हे खरंच आहे. शाळा, रिक्षा, भाजी, ज्वारी, सगळ्यातच फरक जाणवेल. पण ते ३ हजार वरच्या मजल्यावर कसे जातात ते सांगते.

इथली हवा कोरडी, म्हणून कूलर छान चालतो. चिपळूणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथं त्याचा उपयोग नसतो. कूलरला वीजही थोडी लागते, दोन-अडीच पंख्यांइतकी. पण तो पाणी पितो. मेमध्ये दिवसभर लावला तर तीन-चार बादल्या सहज जातात. पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या घरात त्या पंधरा-वीस बादल्या आणायच्या कुठून? मग माणूस एसी घेतो. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याला अडीचशेच्या आसपास झाले. घरातला बाकीचा वापर मिळवलास की तू ३०० युनिटांच्या वर जातेस, आणि तिथून महावितरणचा दर आणखी चढतो. म्हणून ऊन, पाणी आणि पैसा एकाच वहीत लिही.

त्या वहीत आणखी एक नाव लिहायचं राहिलंय. आमच्या गल्लीत पाणी पहाटे येतं. आधी नळ फुसफुसतो, मग गढूळ चूळ टाकतो, मग धार लागते. त्या फुसफुसण्यानं मला अजून जाग येते. पिण्याचं गाळून भरायचं, पिंपं भरायची, मोटर लावून टाकी चढवायची. दोन तास जातात. लग्नाला, माहेरी, कुठंही जायचं तर आधी पाण्याची पाळी बघायची. उजनीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळातून येतं, आणि धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही आम्ही पाळीच मोजत बसतो. एक पाऊस चांगला झाला की सुटेल, या आशेवर राहू नकोस.

ही बिनपगारी नोकरी आजवर तुझ्या सासूबाईंनी केली. त्यांच्या गुडघ्यांचं तू एका वाक्यात लिहिलंस, मी तिथंच थांबले. तुझ्या नवऱ्याला आईची काळजी लागली असावी, आणि ते बोलता येत नाही म्हणून तो भाड्याचं बोलतोय, असं मला वाटतं. त्याला सरळ विचार. आईसाठी यायचं असेल तर चांगलंच आहे, मग भाडं वाचलं नाही तरी चालेल. पण घागर कोण उचलणार हे पुण्यातच ठरू दे. मुलगा घरी बसून काम करतो, त्याला पहाटे उठता येतं.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. मेमध्ये लेकीला सुट्टी असते, तेव्हा तिघं तीन आठवडे येऊन राहा, तेही वरच्या मजल्यावर. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. खालच्या खोलीत बसून ते कळत नाही. नवऱ्यानं दुपारी तीनचे कॉल तिथूनच घ्यावेत. आधी गच्चीला चुन्याचे दोन हात मारून घ्या आणि टाकीवर सावली करा, नाहीतर दुपारी नळाखाली हात धरवत नाही. आल्या दिवशी मीटरचं रीडिंग लिहून ठेव, निघताना पुन्हा बघ.

रात्री गच्चीवर अंथरुणं टाका. पहाटेपहाटे अशी गार झुळूक येते की लेक चादर ओढून घेईल. मेमध्ये चिपळूणला हे सुख नाही, तेही वहीत लिही.

त्याच मुक्कामात दोन-तीन सीएंच्या ऑफिसात जाऊन ये. टॉवेल-चादरीचे कारखानदार, सुताचे व्यापारी, सगळ्यांनाच जीएसटी भरणारं माणूस लागतं. पुण्याचा पगार मिळणार नाही, पण काम मिळेल. आणि आत्ताच्या मालकालाही विचारून बघ, निम्मं काम इथून करू देतात का. नवऱ्याच्या दोन फेऱ्यांची चिंता नको, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की चार तासांत पुणे.

सासूबाईंना विचार, त्यांचा पहिला उन्हाळा कसा गेला. बहुतेक त्या खूप बोलतील.

आणि पाणी येणार त्या पहिल्या रात्री गजर नवऱ्याच्या मोबाइलवर लाव. तू झोप.

– तुझी अक्का