मधल्या जोडीने रेझ का करू नये: हेड्स-अपमधील एका डावाची चिरफाड

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर त्या डावाला धरून राहील. नो-लिमिट होल्डेम पोकरचा दोघांचा (हेड्स-अप) डाव, दोघांकडेही १०० मोठे ब्लाइंड (मोठा ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी लावावी लागणारी सक्तीची रक्कम; पुढचे आकडे त्याच्याच पटीत आहेत). बटणावर (फ्लॉपपासून शेवटी खेळण्याच्या जागेवर) बसलेल्या आणि जवळजवळ प्रत्येक डावात रेझ करणाऱ्या, म्हणजे रक्कम वाढवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याने २.५ केले, आणि तुम्ही मोठ्या ब्लाइंडमधून इस्पिकचा गुलाम व इस्पिकची नव्वी घेऊन कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन सामायिक पानांत, बदामचा राजा, चौकटचा गुलाम आणि बदामची छक्की आली; टेबलावरच्या मधल्या पानाशी जुळलेली तुमची गुलामांची जोडी म्हणजे मधली जोडी. तुम्ही चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली), त्याने ५ च्या पॉटमध्ये (जमलेल्या रकमेत) २.५ लावले, तुम्ही कॉल केला. टर्नला (चौथे पान) किलवरची तिर्री पडली, तुम्ही पुन्हा चेक केले, त्याने १० च्या पॉटमध्ये ७.५ लावले, आणि ‘याच्याकडे खरेच काही आहे का ते कळावे’ म्हणून तुम्ही २२ पर्यंत रेझ केला. तो ऑल-इन गेला (उरलेले सगळे लावले), तुम्ही पत्ते टाकले (फोल्ड केला), आणि त्याने बदामचा एक्का व बदामची पंजी उघडून दाखवली. फोल्ड चुकला का, असे तुम्ही विचारले आहे.

फोल्डबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका. तुम्हाला आणखी ७३ घालायचे होते आणि समोर १२७ चा पॉट होता, म्हणजे कॉल परवडण्यासाठी साधारण ३६.५ टक्के वेळा जिंकणे आवश्यक होते. तुमच्या रेझवर सगळा स्टॅक पुढे ढकलणाऱ्या माणसाविरुद्ध मधल्या जोडीला तेवढा वाटा मिळेलच, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. चूक त्याच्या एक पाऊल आधी, त्या रेझमध्ये आहे.

खडा टाकून पाहण्याचा हा रेझ मीही बरीच वर्षे करत असे, आणि त्यातून माहिती मिळते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. २२ पाहून पत्ते टाकणारे हात (त्याच्याकडे असू शकणाऱ्या दोन पत्त्यांच्या जोड्या) कोणते? ज्यांच्याकडे काहीच नाही किंवा अगदी कच्चा ड्रॉ (एखाद्या पानाची वाट पाहणारा अपुरा हात) आहे ते, म्हणजे जे तुमच्या मागेच होते आणि ज्यांनी रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानावर) आणखी एकदा ब्लफ करून, म्हणजे थाप मारून तुम्हाला पैसे दिले असते. टिकणारे हात कोणते? राजाची चांगली जोडी, सेट (एकाच किमतीची तीन पाने), आणि मोठे ड्रॉ. जे हरवत होते त्यांना तुम्ही थांबवून घेतले आणि जे हरणार होते त्यांना घरी पाठवले. शिवाय त्याने जी पाने दाखवली त्यांच्याविरुद्ध तुम्ही चांगलेच पुढे होता: न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी ९ बदाम (त्याची पाच बदाम पुरी करणारे) आणि ३ एक्के अशी १२ पानेच त्याला उपयोगी होती, म्हणजे सुमारे २७ टक्के. ज्या पॉटमध्ये जवळपास ७३ टक्के वाटा तुमचा होता, तो तुम्ही स्वतःच वाढवून स्वतःच सोडून दिला.

मुळात दोघांच्या डावात मधली जोडी हा बरा हात असतो, आणि नऊ जणांच्या टेबलावरून आलेल्या खेळाडूला हे पचायला वेळ लागतो. दोन वेगवेगळी पाने हातात असताना फ्लॉपवर निदान एक जोडी जमण्याची शक्यता सुमारे ३२ टक्केच असते. त्यामुळे जवळजवळ सगळी पाने खेळणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा काहीही नसते. तो अर्ध्या पॉटची बेट (पैज) लावतो तेव्हा त्याचा निव्वळ ब्लफ फायद्यात राहायला तुम्ही तीनपैकी एकदाहून जास्त वेळा पत्ते टाकणे पुरेसे असते. अशा जोड्या टाकत बसलात, तर त्याला पत्ते पाहण्याचीही गरज उरणार नाही. म्हणून फ्लॉपवरचा तुमचा कॉल अगदी बरोबर होता. टर्नवरही ७.५ देऊन एकूण २५ च्या पॉटमध्ये राहायला ३० टक्के पुरे होते, आणि तिथेही कॉलच करायला हवा होता.

खरा कठीण निर्णय रिव्हरचा, आणि तो तुमच्या वाट्याला आलाच नाही. समजा टर्नला तुम्ही कॉल केला, रिव्हरला इस्पिकची अठ्ठी आली, आणि त्याने २५ च्या पॉटमध्ये पूर्ण २५ लावले. आता तीनपैकी एकदा जिंकलात तरी बरोबरी होते, म्हणून अंदाजावर न जाता त्याचा प्रत्येक हात किती प्रकारे शक्य आहे ते मोजावे. तीनही वेळा बेट लावून शेवटी पूर्ण पॉट लावेल असे त्याचे खरे हात: दोन एक्के ६ प्रकारे, एक्का-राजा १२, राजा-राणी १२, राजा-गुलाम ६, तीन राजे ३, तीन गुलाम १, तीन छक्क्या ३ आणि तीन तिर्र्या ३, म्हणजे एकूण ४६. तुमच्या हातातल्या गुलामाने इथे गुपचूप मोठे काम केले आहे: तो नसता तर राजा-गुलाम ९ प्रकारे आणि तीन गुलाम ३ प्रकारे शक्य होते. कॉल परवडण्यासाठी ४६ च्या निम्मे, म्हणजे २३ ब्लफ हवेत. ड्रॉ फसलेली राणी-दश्शी एकटीच १६ प्रकारे असते, आणि तुटलेल्या बदामांचे एक्का-पंजी किंवा नव्वी-सत्तीसारखे दहाएक प्रकार सहज धरता येतात. हे सगळे तो खरोखर लावत असेल तर कॉल आहे, पण यातले निम्मे जरी तो चेक करत असेल तर फोल्ड आहे. तुमच्या हातात एकही बदाम नाही, हेही तुमच्या बाजूचे आहे. हेच दोन पत्ते बदामचे असते तर त्याच्याकडे बदामचे ब्लफ असण्याची शक्यता घटली असती आणि मी त्याच बेटवर बऱ्याचदा पत्ते टाकले असते.

म्हणजे ‘तो आक्रमक आहे’ एवढ्या वर्णनाने काम भागत नाही. काही जण फ्लॉपला हमखास बेट लावतात पण टर्नला कॉल झाला की रिव्हरला गुमान चेक करतात. त्यांच्या तिसऱ्या बेटला मधल्या जोडीने मी हात लावत नाही. दुसरे असे असतात की ज्यांना चेक करणे म्हणजे हार मानणे वाटते, आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याने एक्का-पंजीने ऑल-इन जाऊन आपली जात थोडीफार दाखवली आहेच. तरी तो ड्रॉ होता, निव्वळ थाप नव्हती; रिव्हरला फसलेल्या पानांनी तो काय करतो हे अजून तुम्ही पाहिलेले नाही. पुढच्या वीस-तीस डावांत नेमके तेच टिपून ठेवा.

बेट पॉटच्या दुप्पट झाली की लागणारा वाटा ३३ वरून ४० टक्क्यांवर जातो. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या लिब्रेटस या पोकर खेळणाऱ्या संगणक प्रणालीने २०१७ च्या जानेवारीत चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले, तेव्हा अशा अवाढव्य बेट हे तिच्या खेळाचे ठळक वैशिष्ट्य होते. त्यांना तोंड द्यायला पुन्हा हीच मोजणी लागते, फक्त कॉल करणाऱ्या हातांची यादी आखूड होते.

तुम्ही बटणावर असाल आणि हीच गुलामाची जोडी जमली असेल, तर मी बऱ्याचदा फ्लॉपवर परत चेक करतो. त्याच्या चेक-रेझचा (आधी चेक करून मग तुमच्या बेटवर रेझ करण्याचा) धोका टळतो, पॉट ५ वरच राहतो, आणि तुमच्याकडे काही नाही असे समजून तो टर्न व रिव्हरला दोनदा बेट लावतो. त्या दोन्ही मी कॉल करतो, रिव्हरला तिसरे बदाम पडले नसेल तर.