कुराशिकीला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जपानमधील ओकायामा विद्यापीठातील प्रवेश निश्चित झाल्याचे आणि प्रबंधासाठी तू शेजारचे कुराशिकी शहर निवडल्याचे तुझ्या पत्रातून कळले. निवड उत्तम आहे. मात्र सोबत पाठवलेला आराखडा वाचून थोडी काळजी वाटली, कारण त्याची चारही प्रकरणे जुन्या कालव्याच्या दोन काठांवरच संपतात. पांढऱ्या भिंतींच्या वखारी, पाण्यावर झुकलेले विलो आणि शेवटी कलासंग्रहालय, हा क्रम पर्यटकाला पुरतो. तुला या वखारी कोणत्या मालाने भरल्या, कोणी भरल्या आणि तो पैसा पुढे कुठे गेला, याचा हिशेब मांडायचा आहे.

म्हणून सुरुवात जमिनीपासून कर. आज ज्या सपाटीवर शहर पसरले आहे, तिचा बराच भाग एके काळी समुद्र होता. एदो काळात (1603 ते 1868) बांध घालून ही खाजण जमीन लागवडीखाली आणली गेली. खारट मातीत भात नीट येत नसे, परंतु कापूस आणि तातामी चटयांसाठी लागणारे इगुसा गवत तग धरत असे. 1642 पासून हे गाव थेट शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, अमलाखाली होते. कालव्यातून होड्यांनी होणाऱ्या मालाच्या ने-आणीवर इथले व्यापारी गब्बर झाले. वखारींच्या भिंती जवळून पाहा: खालच्या भागात काळ्या चौकोनी फरशा बसवून त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याचे जाड, गोलसर वळ काढलेले दिसतील. दिसायला ती नक्षी वाटते, पण मुळात ती पाऊस आणि आग यांपासून माल वाचवण्याची व्यवस्था आहे.

शोगुनशाही संपल्यावर ज्या जागी सरकारी कचेरी होती, त्याच जागी 1889 साली विटांच्या इमारतीत सूतगिरणी सुरू झाली. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या कुराशिकी बोसेकी, म्हणजेच कुराबो, या कंपनीचे पहिले अध्यक्ष होते स्थानिक जमीनदार ओहारा कोशिरो. परिसरात कापूस पिकत होता म्हणून इथे गिरणी आली हे खरे, पण जपानी गिरण्यांची भूक देशी कापसाने भागेना. जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन काइशा ही जहाज कंपनी यांच्या सहकार्यातून 1893 साली मुंबईहून जपानकडे थेट जहाजे सुरू झाली, 1896 मध्ये जपानने कच्च्या कापसावरील आयात जकात उठवली आणि तिथल्या कापूस उत्पादक शेतकऱ्याचे दिवस भरले. तुझ्या विषयाचा एक धागा असा आपल्या बंदरातून जातो. निघण्यापूर्वी मुंबईच्या राज्य अभिलेखागारात बसून त्या वर्षांचे व्यापारविषयक अहवाल चाळून घे, कारण ती कागदपत्रे तुला ओकायामात मिळणार नाहीत.

यापुढचा भाग मात्र घाईने उरकू नकोस. 1906 साली गिरणीच्या वसतिगृहात साथ पसरून काही कामगार मुली दगावल्या. कोशिरो यांनी जबाबदारी स्वीकारून पद सोडले आणि पंचविशीतला त्यांचा मुलगा मागोसाबुरो अध्यक्ष झाला. तोक्योत शिकत असताना कर्जात बुडालेला हा तरुण गावी परतल्यावर इशिई जूजी या ख्रिस्ती अनाथाश्रम-चालकाच्या प्रभावाखाली आला होता. त्याने कामगारांच्या जेवणाचा ठेका मुकादमांकडून काढून घेतला आणि मोठ्या बराकींच्या जागी थोड्याथोड्या मुलींना घरासारखे राहता येईल अशी छोटी वसतिगृहे बांधायला घेतली. 1914 मध्ये कृषी संशोधन संस्था, 1919 मध्ये ओसाकात सामाजिक संशोधन संस्था, 1921 मध्ये श्रमविज्ञान संस्था आणि 1923 मध्ये रुग्णालय, अशी त्याची कामे वाढत गेली. यांपैकी श्रमविज्ञान संस्थेवर तू एक स्वतंत्र प्रकरण लिहावेस असे मला वाटते. गिरणीच्याच आवारात बसून तेरुओका गितो आणि त्यांचे सहकारी रात्रपाळीचा मुलींच्या शरीरावर काय परिणाम होतो, याची मोजमापे घेत होते. मालकाच्या खर्चाने मालकाच्याच कारभाराची अशी तपासणी त्या काळात दुर्मीळ होती.

हे वाचताना मागोसाबुरोला संत ठरवण्याचा मोह होईल, तो आवर. तो मोठा जमीनदार होता, त्याच्या यंत्रांवर गरीब शेतकऱ्यांच्या मुली राबत होत्या, आणि कामगाराचे व गिरणीचे हित एकत्र नांदू शकते, या विश्वासावर त्याचा डोलारा उभा होता. तो विश्वास कुठे खरा ठरला आणि कुठे नाही, हे शोधणे तुझे काम आहे.

कलासंग्रहालयाकडेही याच नजरेने पाहा. मागोसाबुरोने कोजिमा तोराजिरो या चित्रकार मित्राला युरोपात पाठवले आणि त्याने मोने, एल ग्रेको अशांची चित्रे निवडून आणली. त्यांतील पहिली काही चित्रे 1921 साली गावातील प्राथमिक शाळेत मांडली गेली, तेव्हा ती पाहायला दूरदूरहून लोक आले होते. तोराजिरो 1929 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी, ऐन मंदीत, त्याच्या स्मरणार्थ ओहारा कलासंग्रहालय उघडले. पाश्चात्त्य कलेचे ते जपानमधील पहिले संग्रहालय.

या संग्रहालयामुळे अमेरिकेने कुराशिकीवर बॉम्ब टाकले नाहीत, अशी आख्यायिका तुला वाटाडे रंगवून सांगतील. भक्कम कागद हाती आल्याशिवाय ती प्रबंधात घेऊ नकोस. काही किलोमीटरांवरच्या मिझुशिमातील विमान कारखाना 1945 च्या जूनमध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता, याचा उल्लेख त्या गोष्टीत सहसा नसतो.

कोजिमा या भागातील जीन्सचा उद्योग आता बराच प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे त्यावर थोडक्यात लिहिलेस तरी चालेल. विणलेल्या दोऱ्या, ताबी मोजे, शाळेचे गणवेश आणि 1965 पासून जीन्स, असा तो प्रवास आहे. जुनी गिरणी 1974 साली आयव्ही स्क्वेअर या नावाने हॉटेल आणि सार्वजनिक जागा म्हणून खुली झाली. विटांवर चढलेली आयव्हीची वेल मुळात गिरणीतला उकाडा कमी करण्यासाठी लावलेली होती. गिरणगावाचे पुढे काय झाले ते पाहिलेल्या माझ्यासारख्याला त्या भिंतींचा थोडा हेवा वाटतो, हे कबूल करतो.

तुझ्या आराखड्यात मिझुशिमाचे नावही नाही, ही त्यातली सर्वांत मोठी उणीव. 1961 पासून तिथे पोलाद आणि तेलशुद्धीकरणाचे अवाढव्य कारखाने उभे राहिले. त्याच दशकात धुरामुळे आसपासचे इगुसा शेंड्याकडून करपू लागले. 1967 मध्ये कुराशिकी, कोजिमा आणि तामाशिमा ही तीन शहरे एक झाली. 1968 मध्ये शहराने जुन्या वस्तीच्या जतनासाठी नियम केला. म्हणजे वखारी राखण्याचा आणि धुराडी वाढण्याचा काळ एकच, आणि नगरपालिकाही एकच. 1974 च्या डिसेंबरात तेलाची टाकी फुटून सेतो अंतर्देशीय समुद्रात तेल पसरले आणि मासेमारीची दैना झाली. प्रदूषणाने आजारी पडलेल्यांनी 1983 साली आठ कंपन्यांवर दावा दाखल केला. 1994 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि 1996 मध्ये समझोता झाला. त्या समझोत्यातून 2000 साली उभी राहिलेली मिझुशिमा प्रतिष्ठान ही संस्था रहिवाशांच्या आठवणी आणि कागदपत्रे जपते. पहिल्या सहामाहीतच तिथे जा, आणि मुलाखती घेण्याइतकी जपानी आल्याशिवाय मुलाखतींना हात घालू नकोस.

सुधारित आराखडा निघण्यापूर्वी पाठव. मिझुशिमाचे प्रकरण त्यात किमान कालव्याच्या प्रकरणाएवढे तरी असावे.

कळावे, लोभ असावा.