बार्सिलोना आजही प्रशिक्षक पेप ग्वार्डिओलाच्या काळासारखंच फुटबॉल खेळते का?

नाही, छोट्या पासची सवय टिकली असली तरी प्रशिक्षक हान्सी फ्लिकचा संघ जास्त थेट आणि जोखमीचा खेळ करतो. ग्वार्डिओलाच्या काळात (२००८-१२) मेस्सी 'फॉल्स नाइन' (मधल्या फळीत उतरणारा सेंटर फॉरवर्ड) म्हणून खाली यायचा, मधल्या फळीत एक माणूस वाढायचा आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळणंच मुश्कील व्हायचं. फ्लिकने २०२४ मध्ये आल्यावर बचावफळी थेट मध्यरेषेजवळ नेली, म्हणजे पास सुटताना तिच्या मागे असलेला प्रतिस्पर्धी ऑफसाइड ठरतो. २६ ऑक्टोबर २०२४ चा रिअल माद्रिदच्या बर्नाबेउ मैदानावरचा सामना बघा: ४-० विजय, माद्रिदच्या एमबाप्पेचे दोन गोल ऑफसाइड! पण पास देणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर लगेच दबाव आला नाही, की हाच ऑफसाइडचा सापळा फसतो. मागे अख्खं अर्ध मैदान मोकळं असतं. अर्थात बदलाची सुरुवात फ्लिकची नाही. तेव्हाचा प्रशिक्षक लुइस एन्रिकेने २०१४-१५ मध्येच मेस्सी-सुआरेझ-नेमारपर्यंत चेंडू झटपट पोचवायला सुरुवात केली होती.