राजाच्या पायांच्या जागी मासे का?

प्रश्न : बेनिनच्या ब्रॉन्झ शिल्पांचे फोटो बघत होते, एकात राजाच्या पायांच्या जागी चक्क दोन मासे आहेत आणि त्याने दोन बिबटे शेपटीला धरून लटकवलेत. हे नुसतं डेकोरेशन आहे की त्याला काही अर्थ आहे?

उत्तर : अर्थ आहे, आणि तो कळला की ही शिल्पं बघायला दुप्पट मजा येते. हे बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं बेनिन सिटी, एडो लोकांचं जुनं राज्य, आणि तिथल्या राजाला ओबा म्हणतात. (ब्रॉन्झ म्हणायची पद्धत पडलीये, पण बहुतेक कामं पितळेची आहेत.)

आधी मासे घेऊ. हा मडफिश, चिखलात राहणारा, पाण्याबाहेरही तग धरतो, म्हणजे दोन्हीकडचा प्राणी, आणि समुद्राचा देव ओलोकुन याच्याशी ओबाचं नातं मानतात, त्यामुळे जमीन आणि पाणी दोन्हीवर ज्याची सत्ता त्याला हेच पाय शोभणार ना. ओहेन नावाच्या ओबाचे पाय लुळे पडले होते आणि तेव्हापासून हे रूप आलं अशीही एक कथा सांगतात.

बिबट्या हा जंगलाचा राजा, माणसांचा राजा ओबा. बिबट्याचा बळी द्यायचा हक्क फक्त ओबाचा, राजवाड्यात पाळलेले बिबटे असायचे, त्यामुळे शेपटीला धरलेले बिबटे म्हणजे जंगलही माझ्याच मुठीत, एवढं सरळ आहे ते. हात धुवायची पितळी भांडीसुद्धा बिबट्याच्या आकाराची, डोक्यावरच्या झाकणातून पाणी भरायचं आणि ते नाकपुड्यांतून बाहेर यायचं, अंगावरचा एकेक ठिपका कोरलेला! अजगर ओलोकुनचा दूत, तो राजवाड्याच्या छपरावरून डोकं खाली करून उतरताना दाखवलाय.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो पक्षी. १५१५-१६ च्या सुमारास ओबा एसिगी इडा या राज्याविरुद्धच्या लढाईला निघाला तेव्हा एका पक्ष्याने ओरडून पराभवाचं भाकीत केलं म्हणे, एसिगीने तो पक्षीच मारायला लावला आणि लढाई जिंकली. मग त्याचे पितळी पक्षी बनवले, दांड्यावर पंख पसरून बसलेले, आणि समारंभात सरदार लोक त्याच्या चोचीवर धातूच्या काठीने टण टण वाजवतात. म्हणजे भविष्य काहीही असो, ओबा ते मोडून काढतो, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं! इतर प्राणी ओबाला ताकद देतात, हा एकटा त्याच्या विरोधात बोलला आणि म्हणूनच अमर झाला.

१८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने राजवाडा लुटला आणि ही शिल्पं जगभर विखुरली, पण आता ‘डिजिटल बेनिन’ या वेबसाइटवर ५,००० हून जास्त वस्तू एकत्र बघता येतात. तिथे हा पक्षी नक्की शोधा, आणि चोचीत धरलेली छोटी गोल वस्तू दिसते का तेही बघा.